खान्देशच्या हवेत गलविंग: १/२४ मर्सिडीज ३०० एसएलचं रंगकाम आणि बारीक काम

टामिया या जपानी कंपनीचा, मर्सिडीज ३०० एसएल गाडीचा १/२४ मापाचा जोडायचा प्लास्टिक किट हातात आला की आधी रंग ठरवू नका, महिना ठरवा. किटमधल्या सूचनापत्रकाला जळगाव-भुसावळचा मे महिना ठाऊक नसतो. ४५ अंशांत स्प्रेमधला थिनर वाटेतच उडतो, रंगाचे थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धे सुकतात आणि टप खरबरीत होतो. पावसाळ्यात उलटी गत. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि लॅकर पांढुरका पडतो. म्हणून उन्हाळा-पावसाळ्यात चौकट, इंजिन, आतलं काम उरकायचं. बॉडीला हात लावायचा तो दिवाळीनंतर.

चौकटीवर वेळ घालवण्यात कंजुषी नको, कारण या गाडीची सगळी गंमत तिथेच आहे. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यू यॉर्कच्या प्रदर्शनात आलेल्या या गाडीची चौकट बारीक नळ्या जोडून केलेली होती. ताकदीसाठी ती दोन्ही बाजूंना उंच ठेवावी लागली, नेहमीसारख्या दारांना जागाच राहिली नाही, म्हणून दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडतात, गलविंग हे नाव त्यावरूनच. किटमध्ये या नळ्या नाजूक आहेत. तुकडे आधी कोरडेच जुळवायचे, फट मिटली की पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा. उकाड्यात सिमेंट ब्रशवरच उडतं, मग माणूस दोनदा-तीनदा लावतो आणि नळी मऊ होऊन वाकते. मूळ गाडीच्या दोन आसांमधलं अंतर २४०० मिमी, म्हणजे मॉडेलवर बरोबर १०० मिमी. व्हर्नियरने दोन्ही बाजू मोजा. एका बाजूला अर्धा मिमी जरी फरक निघाला, तरी चाक कमानीच्या मधोमध बसत नाही. सांधे वाळेपर्यंत चौकट सपाट काचेवर रात्रभर राहू द्या.

इंजिन डावीकडे बरंच कललेलं आहे. ती किटची चूक नाही, सरळ करायला जाऊ नका. २९९६ सीसीचं सहा सिलिंडरी इंजिन उभं ठेवलं असतं तर एवढ्या बुटक्या बॉनेटखाली मावलंच नसतं. प्लगच्या वायरी मात्र स्वतः घालाव्यात. खऱ्या वायरीची जाडी ७-८ मिमी, म्हणजे मॉडेलवर सुमारे ०.३ मिमी. त्यासाठी परदेशी पाकीट मागवायची गरज नाही. पंखे-मिक्सरच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात ३० नंबरची वाइंडिंग तार मागा, ती ०.३१५ मिमीची असते. पाण्यातल्या पंपाची प्लास्टिक चढवलेली तार देऊ केली तर घेऊ नका, ती फार जाड. तारेवरचा लेप गुळगुळीत असल्याने रंग सोलतो, म्हणून १००० नंबरच्या घासायच्या पेपरमधून एकदा ओढून घ्या. भोकं ०.४ मिमीच्या ड्रिलने, हाताने. मशीनच्या वेगाने प्लास्टिक वितळून भोक बुजतं.

आता बॉडी. भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याच्या रेघा ब्लेडच्या पाठीने खरवडा, मग ८०० आणि १००० नंबरचा पाण्याचा पेपर. दारांच्या आणि बॉनेटच्या खाचा प्रायमरच्या आधीच थोड्या खोल करून घ्या, नाहीतर पाच-सहा हातांत त्या भरून जातात. उघडणारी दारं हा या किटचा मोह आहे आणि डोकेदुखीही. रंगाची जाडी दोन्ही कडांवर चढते आणि दार अडकतं. रंगाआधी फटीत मास्किंग टेपची पट्टी घालून दार मिटवून बघा. टेप अडकली तर रंगही अडकणार, तेवढी कड घासा.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर आणि गाड्यांचा रंग उघड्या प्लास्टिकवर कधीच नको, पॉलिस्टायरिनला बारीक तडे जातात. करड्या प्रायमरवर टामियाच्याच स्प्रेडब्यांपैकी टीएस-३० सिल्व्हर लीफ, २० ते २५ सेंमीवरून, पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटं. काही जण खाली चकचकीत काळा देतात. त्याने क्रोमसारखी झाक येते आणि या गाडीचा मूळ चंदेरी-करडा तसा नव्हता. चंदेरी थर घासायचा नाही, त्यातले कण सरकून डाग दिसतो. वर टीएस-१३ क्लिअरचे तीन-चार हात, निदान आठवडाभर वाळवण, मग २००० नंबर आणि पॉलिश. कडांवर क्लिअर पातळ असतं, तिथे पेपर नेऊच नका.

कापसाचा हंगामही नेमका दिवाळीनंतरच्या याच दिवसांत येतो, जिनिंगजवळच्या घरात तंतू ओल्या रंगावर बसतोच. फरशीवर पाणी शिंपडून न्हाणीघरात फवारणी केली की तो खाली बसतो. खिडकी उघडी, तोंडाला मास्क आणि गॅस गिझर बंद. स्प्रेमधला वायू पेट घेतो, यात हयगय नको. पहाटेच्या गारठ्यात डबा आधी पाच मिनिटं कोमट पाण्यात धरा, उकळत्या पाण्यात मात्र नाही.

डिकॅलला, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील खुणांना, बोअरचं पाणी वापरू नका. वाळल्यावर क्षारांची पांढरी कड उरते आणि चंदेरी रंगाच्या काठावर ती लगेच डोळ्यांत भरते. बॅटरीत घालायचं पाणी उत्तम. काचांना फेव्हिक्विक नको, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते आणि पुसता येत नाही. साधा पांढरा फेव्हिकॉल काडीच्या टोकाने लावा, सांडला तरी ओल्या कापसाने निघतो. काचेभोवतीच्या क्रोम पट्ट्यांना चिकट बेअर-मेटल फॉइलच हवा. स्वयंपाकघरातला फॉइल जाड असतो, वळणावर सुरकुततो.

गाडी तयार झाली की काचेच्या पेटीत ठेवा, पण पश्चिमेच्या खिडकीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर नको. बंद पेटी उन्हात तापली की आधी दारं वाकडी होतात.