स्टिकरवर जाऊ नये

जुन्या डेस्कटॉपच्या तोंडावरचं ‘आय सेव्हन’चं, म्हणजे इंटेलच्या एका प्रोसेसर-मालिकेचं, स्टिकर म्हणजे दारावर राहून गेलेली आधीच्या भाडेकरूची पाटी. आत आता कोण राहतं, हे तिला ठाऊक नसतं. कॅबिनेट तेच राहतं, पोटातले भाग बदलत जातात. आणि स्टिकर खरं असलं तरी ते अर्धवटच सांगतं. आय सेव्हन २००८पासून बाजारात आहेत. २०११चा आय७-२६०० आणि २०२२चा आय३-१२१००, दोघांनाही कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, चारच. पण एकच काम दोघांना दिलं तर हा ‘आय थ्री’ त्या ‘आय सेव्हन’ला सहज मागे टाकतो. म्हणून मी डॅशच्या पुढचा आकडा आधी बघतो. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. (तीनच आकडे निघाले तर पहिली पिढी. देवाचं नाव घ्यावं आणि पुढे जावं.)

यंत्र सुरू होत असेल तर एवढ्यासाठी स्क्रू काढावे लागत नाहीत. विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ टाइप केलं की प्रोसेसर, मदरबोर्ड, बायोसची (भागाच्या चिपमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रॅमची) तारीख, सगळं समोर येतं. लिनक्सवाल्यांकडे ‘डीएमआयडिकोड’ आहे, आणि माझी आवडती ओळ तिथेच भेटते. मॉडेल, सीरियल नंबर अशा रकान्यांत कित्येकदा फक्त ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ एवढंच येतं. म्हणजे यंत्र जोडणाऱ्याने इथे नाव भरावं. त्याने ते कधी भरलंच नाही, आणि कोरा फॉर्म घेऊनच यंत्राने अख्खी नोकरी केली!

ड्रायव्हर (भाग चालवणारं सॉफ्टवेअर) न मिळालेला भाग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह लावून बसतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हार्डवेअर आयडी बघायचा. ‘व्हीईएन’च्या पुढची चार चिन्हं कंपनीची. एनव्हिडियाची १०डीई, एएमडीच्या ग्राफिक्सची १००२ आणि इंटेलची चक्क ८०८६. १९७८ सालच्या आपल्याच प्रोसेसरचा नंबर इंटेलने आडनावासारखा लावून घेतलाय. असल्या रुक्ष यादीत एवढी हौस मला फार आवडते.

पण सॉफ्टवेअरलाही फसवता येतं. जुन्या ग्राफिक्स कार्डाचा बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव सांगायला शिकवणारे कलाकार आहेत. ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून मिळालेल्या कार्डाच्या पाठीवर निळं व्हीजीए पोर्ट दिसलं, तर स्क्रीन काहीही म्हणो, शंका घ्यावी. त्या पिढीपासून एनव्हिडियाने व्हीजीएला लागणारं चिपमधलं अ‍ॅनालॉग आउटपुटच काढून टाकलं होतं.

रॅमचं लेबल त्या मानाने सरळमार्गी. पीसी३-१२८०० म्हणजे डीडीआर३ जातीची रॅम. १२८००ला आठने भागलं की वेग, १६००.

मी सगळ्यात जास्त रेंगाळतो ते हार्ड डिस्कपाशी. डिस्क स्वतःचे चालू तास मोजत असते, आणि किती वेळा सुरू झाली तेही. वर्षाचे तास ८७६०. वीस हजार तास आणि सुरू होणं जेमतेम दोनशे वेळा, असं दिसलं तर ते यंत्र रात्रंदिवस चालूच ठेवलेलं असणार. उलट तास थोडे आणि सुरू होणं हजारो वेळा, तर मालक काटकसरी, काम झालं की बंद करणारा. हे आकडेही पुसणारे असतात म्हणा. बाकी सगळं झिजलेलं आणि डिस्क तेवढी शून्य तासांची, हे पटणारं नाही. एक तर ती नवी बसवलेली, नाही तर पुसलेली.

पॉवर सप्लाय मात्र स्वतःबद्दल अवाक्षर काढत नाही. कुठलंही प्रोग्रॅम त्याचे वॉट सहसा सांगू शकत नाही. तिथे कॅबिनेटचं झाकण उघडून त्याच्यावरचं लेबलच वाचायचं आणि १२ व्होल्टच्या रकान्यातल्या अँपिअरला बाराने गुणायचं. १८ अँपिअर असतील तर २१६ वॉट, मग बाजूला ठळक अक्षरांत ४५० का छापलेलं असेना. नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं मनात असेल, तर ते मुख्यतः या १२ व्होल्टवरच चालतं, म्हणून हिशोब २१६चाच धरायचा.