पत्ता सांग

विज्ञानाच्या बाई वर्गात आल्या की लगेच खडू हातात घेत नसत. टेबलावर प्लॅस्टरचं एक धड असायचं. त्याच्या छातीपोटावरचं झाकण काढायच्या, एखाद्या अवयवावर पट्टी टेकवायच्या आणि म्हणायच्या, "पत्ता सांग." त्या अवयवाचं काम नंतर, आधी पत्ता. कुठल्या पोकळीत, कोणाच्या वर, कोणाच्या खाली, पुढे की मागे. उत्तर बरोबर आलं की एकच शब्द, "बस." चुकलं तर उभ्याउभ्याच पुढच्याचं उत्तर ऐकायचं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहून दे असा निरोप आला आणि मला पहिल्यांदा हेच आठवलं. गेली 22 वर्षं मी एक्स-रे टेक्निशियन आहे, आणि रोज पत्तेच शोधते.

पुस्तकात शरीर संस्थांपासून सुरू व्हायचं. अस्थिसंस्था, पचनसंस्था, श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, उत्सर्जन, चेतासंस्था, ओळीने पाठ करायच्या. बाईंनी पोकळ्या आधी घेतल्या. मागच्या अंगाला दोन, कवटीची आणि कण्याची, एकमेकींना जोडलेल्या. पुढे छातीची, तिच्याखाली पोटाची. पोटाची पोकळी तशीच ओटीपोटात उतरते, मधे भिंत नाही. छाती आणि पोट यांच्यामधे मात्र भिंत आहे, ती म्हणजे श्वासपटल.

या भिंतीवर बाईंनी अख्खा तास घालवला. ती सपाट नसते, घुमटासारखी वर उचललेली असते. आम्हाला उजवा तळहात उजवीकडच्या खालच्या बरगड्यांवर ठेवायला सांगितला. "हाताखाली काय आहे?" जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, फुप्फुस. फुप्फुसाची खालची कड तिथे असते हे खरं, पण तिच्या आत श्वासपटल आणि त्याला चिकटून यकृत, म्हणजे पोटातला अवयव! बरगड्या फक्त छातीच्या आहेत हा आमचा समज त्या दिवशी गेला. एकीने विचारलं, मधे भिंत आहे तर घास खाली जातो कसा? बाईंनी पुतळ्यातली तीन भोकं दाखवली. छातीच्या मणक्यांपैकी आठव्याच्या पातळीवर महाशिरेचं, दहाव्याच्या पातळीवर अन्ननलिकेचं, आणि बाराव्यापाशी अगदी मागून महाधमनी खाली उतरते.

नंतर संस्थांचा तक्ता करायची वेळ आली तेव्हा वहीत अडचण झाली. श्वासपटल कुठल्या रकान्यात लिहायचं? स्नायू आहे म्हणून स्नायूसंस्थेत, की श्वासाचं मुख्य काम तेच करतं म्हणून श्वसनसंस्थेत? स्वादुपिंडाचंही तेच. पाचकरस करतं आणि इन्सुलिनही. बाईंनी दोन्हीकडे लिहू दिलं. रकाने आपण आपल्या सोयीसाठी आखलेत, त्या म्हणाल्या, पत्ता मात्र एकच असतो. मला वाटतं, शरीररचना शिकवायची हीच खरी वाट आहे. संस्थांची यादी परीक्षेपुरती टिकते. कोण कोणाला लागून आहे हे एकदा कळलं की विसरता येत नाही.

आणि तो फुगा. अर्धवट फुगवलेल्या फुग्यात बाईंनी बाहेरून मूठ खुपसली. मुठीला चिकटलेला एक थर, बाहेरचा दुसरा, आणि मधे जागा. "मूठ फुग्याच्या आत आहे का?" नाही, आवरणाने वेढलेली आहे, एवढंच. फुप्फुसं, हृदय, आतडी यांची आवरणं अशीच दुपदरी असतात. खऱ्या शरीरात त्या दोन पदरांमधे ओल्या द्रवाचा पातळ थर असतो, हवा नसते. मूत्रपिंडं तर या पोटातल्या आवरणाच्या मागे, पाठीला टेकून बसलेली, आणि यकृतामुळे उजवं डाव्यापेक्षा थोडं खाली.

आज छातीचा एक्स-रे काढताना मी म्हणते, "खोल श्वास घ्या, धरून ठेवा." त्या क्षणी श्वासपटल खाली सरकतं आणि फुप्फुसं पूर्ण दिसतात. घुमट दोन दिसतात, उजवा सहसा डाव्यापेक्षा किंचित वर.

काही वर्षांपूर्वी रात्रपाळीला एक रुग्ण आला. पोट लाकडासारखं कडक, हलायलाही तयार नाही. उभ्याने फिल्म हवी होती. आधार देऊन त्यांना काही मिनिटं ताठ बसवलं, हवा असली तर ती वर चढावी म्हणून, आणि मग उभं करून फिल्म घेतली. पडद्यावर उजव्या घुमटाखाली, यकृताच्या वर, नखाच्या कडेएवढी काळी कोर दिसली. जठरातली हवा जठरातच असते, आवरणाच्या पोकळीत तिचा पत्ता नाही. ती तिथे आली म्हणजे जठराला किंवा आतड्याला कुठेतरी भोक पडलं असण्याची शक्यता मोठी. निदान करणं माझं काम नाही, पण रिपोर्टची वाट न पाहता मी धावत जाऊन डॉक्टरांना बोलावून आणलं. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. जठराला छिद्र होतं. रुग्ण बरे होऊन घरी गेले.

गेल्या वर्षी बाईंना भेटले तेव्हा हे सगळं सांगितलं. बाई आता थकल्या आहेत, ऐकताना डोळे मिटून घेतात. मी थांबले तशा त्यांनी डोळे उघडले.

"उजवीकडेच का पाहिलंस?"

मी नकळत खुर्चीतून उठले. म्हटलं, "डाव्या घुमटाखाली जठर असतं बाई, त्यात हवेचा फुगा नेहमीच दिसतो, तिथे फसायला होतं. उजवीकडे भरीव यकृत आहे. त्याच्या आणि श्वासपटलाच्या मधे काळं काही दिसायलाच नको."

"बस," बाई म्हणाल्या.