सात नंबरची गल्ली

भिवंडीच्या एका मोठ्या गोडाऊनमधून तक्रार आली होती: माल उचलणाऱ्या मुलांच्या हातातल्या स्कॅनर-गन चालता चालता अडकतात. मग पुन्हा लॉगिन, पुन्हा तोच बारकोड आणि मागे खोळंबलेले, उंच रॅकवर माल चढवणारे रीच ट्रक. मालकांनी उपायही ठरवून ठेवला होता, छतावरून वायफाय देणारी आणखी खोकी, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचे. चारांचं कोटेशनसुद्धा मागवलं होतं.

मी म्हटलं, आधी चालून बघू. वायफायचं दुखणं टेबलाशी बसून कळत नाही, ज्याच्या हातात यंत्र आहे त्याच्या मागे फिरावं लागतं, हे माझं ठाम मत आहे. सुपरवायझरनं जळगावकडचा एक पिकर, म्हणजे माल उचलणारा, सोबत दिला. तो म्हणाला, ‘‘साहेब, सात नंबरच्या गल्लीच्या तोंडाशी चला. तिथं गन मरतेच.’’ नेटवर्कचं त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण कुठे काय बंद पडतं ते सगळं तोंडपाठ होतं.

त्याच्या गनवर सिग्नल दाखवणारं अ‍ॅप टाकलं, लॅपटॉपवरून तिला सलग पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी विचारणा, लावलं आणि निघालो. माल चढवायच्या-उतरवायच्या डॉकपाशी सिग्नल उणे ५० डीबीएम; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर. रॅकच्या रांगांमधून आत शिरलो तसा उणे ६५, ७२, ७८. सात नंबरच्या तोंडाशी उणे ८४ झाला आणि पिंगची उत्तरं थांबली. मान वर केली तर बरोबर डोक्यावर छताला अ‍ॅक्सेस पॉइंट, दिवा लागलेला. त्याच जागी त्याचा सिग्नल उणे ५२ मिळत होता. गन मात्र डॉकवरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटलाच चिकटून होती.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. मोबाइलच्या टॉवरमध्ये चालू कॉल कुठल्या टॉवरकडे सोपवायचा ते नेटवर्क ठरवतं. वायफायमध्ये कधी सोडायचं आणि कुणाला धरायचं, हा निर्णय हातातल्या यंत्राचा. अ‍ॅक्सेस पॉइंट फार तर सुचवू शकतो. आयफोन साधारण उणे ७० ला दुसरा शोधायला लागतो, असं अ‍ॅपलनंच सांगितलेलं आहे. या गन त्याहून कितीतरी हट्टी होत्या.

त्यांचा हट्ट वाढवत होती छतावरची ताकद. सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट पूर्ण पॉवरवर, २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉटवर सोडलेले. त्यामुळे डॉकवरचा अर्ध्या गोडाऊनभर ऐकू यायचा आणि गनला वाटायचं, आपलं बरं चाललंय. पण गनची स्वतःची ताकद त्याच्या पाव हिस्साही नव्हती. तिला अ‍ॅक्सेस पॉइंटचं ऐकू यायचं, तिचं उत्तर मात्र लोखंडी रॅकमधून परत पोचायचं नाही. अशा जागी आणखी चार खोकी पूर्ण पॉवरवर लावली असती, तर गोंधळ वाढलाच असता.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत या सगळ्या खोक्यांना चालवणारा कंट्रोलर उघडला. पॉवर १४ डीबीएमवर आणली, म्हणजे २५ मिलिवॉट. किमान डेटा रेट, म्हणजे जोडून राहायला लागणारा कमीत कमी वेग, ६ वरून १२ एमबीपीएस केला, म्हणजे दुरून कसंबसं टिकून राहायला जागाच उरली नाही. चॅनल ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढेच ठेवले. रडारही वापरतं अशा चॅनलवर बऱ्याच यंत्रांना आधी गप्प बसून ऐकावं लागतं, शोध लांबतो. शेजारच्या अ‍ॅक्सेस पॉइंटची यादी देणारं ८०२.११के चालू केलं. एका खोक्यावरून दुसऱ्यावर झटपट जाण्याची सोय, ८०२.११आर, मात्र मुद्दाम बंद ठेवली. साध्या पासवर्डच्या नेटवर्कवर त्यानं वाचणारा वेळ थोडाच, आणि जुन्या गन त्यामुळे कधीकधी जोडल्याच जात नाहीत. असल्या ठिकाणी सरसकट सगळ्या सोयी चालू करणं मला पटत नाही.

पुन्हा फेरी मारली. आता गन उणे ७० च्या पुढे जाताच उडी मारायला लागली, सात नंबरला पिंगचं एखादंच उत्तर चुकलं. पिकर थांबून बघतच राहिला.

पॅकिंगच्या माळ्यावर मात्र लॉगिन अजून उडत होतं, आणि तिथं सिग्नल तर उत्तम. गनचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पाहिला, तो वेगळ्याच मालिकेतला. शोधता शोधता टेबलाखाली कुणीतरी बाजारातून आणून लावलेला घरगुती राउटर सापडला. नाव तेच, पासवर्ड तोच, पण आयपी वाटणारा स्वतःचा. गन त्याच्याकडे गेली की पत्ता बदलायचा आणि सर्व्हरशी चालू असलेलं सत्र तुटायचं. ‘इथं रेंज येत नव्हती’ म्हणून लावला होता, आणि ते खरंच होतं. राउटर काढला आणि त्या माळ्यापुरता एक अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवायला सांगितला.

मालकांनी विचारलं, ‘‘बाकीचे तीन?’’ म्हटलं, आत्ता नकोत. मागचे रॅक त्या दिवशी निम्मे रिकामे होते. शीतपेयांचे क्रेट वरपर्यंत भरले की पाणी सिग्नल गिळतं आणि आजचं मोजमाप तिथं लागू पडत नाही. दिवाळीचा माल चढल्यावर त्याच पिकरला घेऊन पुन्हा मोजायचं ठरलं.