मंडईत लोणच्याच्या कैऱ्या फोडून घेताना

कैऱ्या विकत घेणं हे दहा मिनिटांचं काम. त्या फोडून घेणं हे खरं प्रकरण. यंदा ज्यांना पुण्याच्या महात्मा फुले मंडईतून लोणच्याच्या कैऱ्या आणायच्या आहेत त्यांच्यासाठी लिहितेय. राग अजून पुरता उतरलेला नाही, तेवढं सांभाळून घ्या.

गाडी नेऊ नका. पिंपरीहून मेट्रोत बसलं की थेट मंडई; सप्टेंबर २०२४ पासून भुयारी स्टेशन चालू आहे. कैरी घेताना एक कापून दाखवायला सांगा. कोय धरलेली हवी, म्हणजे कवच टणक झालेलं. कोवळ्या कोयीच्या फोडी लोणच्यात मऊ पडतात. तोतापुरी कितीही देखणी दिसली तरी लोणच्याला नको, आंबटपणा कमी पडतो.

आता फोडणाऱ्याकडे. तिथे माणसांची रांग नसते, पिशव्यांची असते. शेवटच्या पिशवीमागे आपली टेकवायची आणि नजर ठेवून उभं राहायचं. पुढे सहा-सात पिशव्या दिसल्या, म्हटलं अर्ध्या तासात सुटू. तेवढ्यात कुठल्याशा खानावळीचा पोऱ्या दोन पोती घेऊन आला आणि त्यानं ती थेट अडकित्त्याच्या पाटाशी टेकवली. फोडणाऱ्या दादांनी चकार शब्द न काढता पोत्याचं तोंड सोडलं.

"दादा, आम्ही केव्हाचे उभे आहोत!"

"ताई, त्यांनी कालच सांगून ठेवलंय."

"मग आम्हीही सांगून ठेवायचं का?"

"ठेवा की. नंबर घ्या माझा."

यावर काय बोलणार? नंबर घेतला. मागच्या काकू म्हणाल्या, "दरवर्षीचंच आहे हे. तू पिशवी उचल आणि ठेव त्याच्या मांडीशी, लाजू नकोस." ठेवली. पुढच्या बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की निमूट पुन्हा जागेवर आणली.

दोन पोती म्हणजे किती कैऱ्या, हे ती फुटताना बघितल्याशिवाय कळत नाही. उभ्या उभ्या मी मधल्या अष्टकोनी मनोऱ्याकडे बघत बसले. १८८६ मध्ये ही मंडई सुरू झाली; तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून तिचं मूळ नाव रे मार्केट. हा पैसा शिक्षणावर घाला म्हणून जोतीरावांनी नगरपालिकेत या बांधकामाला विरोध केला होता, आणि आज नाव त्यांचंच. पण किती वेळ इतिहास आठवणार? पोत्यातल्या कैऱ्या संपत नव्हत्या.

मग सासूबाईंनी बळेच पिशवीत कोंबलेले दोन पंचे आठवले, एक ओला, एक कोरडा. तिथे कैऱ्या कुणी धुऊन देत नाही, आणि फोडल्यावर धुतल्या तर लोणच्याला बुरशी ठरलेली. पिशवीतली एकेक कैरी काढून आधी ओल्यानं, मग कोरड्यानं पुसली. देठाचा चीक नीट काढा. माझ्या पाच किलो लखलखीत झाल्या तेव्हा दुसरं पोतं अर्ध्यावर आलं होतं. ज्या बाईंनी मघाशी डोळे वटारले होते त्यांनीच पंचा मागून घेतला.

आपला नंबर लागला की मात्र जागं राहा. अडकित्ता इतका भराभर चालतो की पाच किलोंचा चट्टामट्टा बघता बघता होतो. फोडी पाटावरच्या ढिगात मिसळायच्या आत आपलं पातेलं खाली सरकवा, नाहीतर आपली पुसलेली कैरी दुसऱ्याच्या बरणीत. फोड मोठी की बारीक हेही पहिली कैरी फुटायच्या आधीच सांगायचं. मजुरी किलोवर असते आणि वेगळी असते. सुटे पैसे न्या. शनिवार-रविवार टाळाच. फोनवर सांगून ठेवायची सोय आहे हे आता तुम्हालाही कळलंच.

फोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका, त्यांना पाणी सुटतं. घरी आल्या आल्या सुती कापडावर पसरा. फोडणारा बी काढतो, पण कवचाच्या आतला पातळ पापुद्रा तसाच राहतो, तो चमच्यानं खरवडावा लागतो. आमच्याकडे हे काम मुलांना देतात. त्यातल्या बऱ्याच फोडी तिखट-मीठ लावून तिथेच संपतात, तेव्हा किलोभर जास्तच घ्या.