रविवारी न दुखणारे डोळे

परळच्या एका छातीच्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा जुलै चालू होता आणि ज्याला बघावं त्याचे डोळे आलेले होते. डॉक्टरांचा आवाज चढलेला. "मॅडम, तुम्ही बसवलेले ते यूव्हीचे दिवे काढून न्या. आमच्या रिसेप्शनच्या ताई महिनाभर रात्र-रात्र जागताहेत. ड्रॉप्स झाले, मलम झालं, उपयोग शून्य. आता डोळ्यांचे डॉक्टर विचारताहेत, वेल्डिंगच्या जवळपास जाता का म्हणून!"

वेल्डिंगचं नाव ऐकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. काच न लावता वेल्डिंग करणाऱ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा जसा भाजतो, तसाच तो हवेतले जंतू मारणाऱ्या या दिव्यांतल्या यूव्ही-सी या अतिनील किरणांनीही भाजतो. "दिवे आत्ताच्या आत्ता बंद करा, पण काढू नका. मी येतेय," एवढंच बोलले आणि यूव्ही मोजायचा मीटर घेऊन निघाले.

बंद खोल्यांमधली हवा हे माझं काम. या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी वेटिंगमध्ये या दिव्यांची दोन फिक्स्चर, म्हणजे ट्यूब बसवलेल्या पेट्या, मी स्वतः उभी राहून लावून घेतली होती. जुनी इमारत, पहिला मजला, तेरा फुटांवर छत, रस्त्याकडे दोन मोठ्या खिडक्या. बाकांवर केईएमची, शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयाची कागदपत्रं मांडीवर घेऊन बसलेली माणसं. काही टीबीची, काही दम्याची, आणि बरोबर आलेली धडधाकट मुलंबाळं. टीबीचा रुग्ण खोकतो तेव्हा उडणाऱ्या थेंबांमधले काही वाळून एक ते पाच मायक्रॉनचे कण होतात. ते जमिनीवर पडत नाहीत, तासन् तास हवेत तरंगत राहतात. कुणाला टीबी आहे हे तपासणीनंतर कळतं, आणि तपासणीआधी सगळे एकाच खोलीत ताटकळत असतात. आपल्या शहरात तर औषधांना दाद न देणारा टीबी आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २०१२ साली तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद जगापुढे मांडली होती.

त्यासाठी हे दिवे. ट्यूबमधून २५४ नॅनोमीटरचा यूव्ही-सी निघतो आणि जंतूंच्या डीएनएची मोडतोड करतो, त्यामुळे त्यांची वाढच होत नाही. सूर्याचा यूव्ही-सी ओझोनच्या थरात अडतो, जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणून आपल्या डोळ्यांना आणि कातडीला त्याची सवय नाही. फिक्स्चर सात फुटांच्या वर लावायचं. त्याच्या काळ्या आडव्या पात्यांमधून किरणांचा चपटा पट्टा फक्त डोक्यावरून जातो. खाली माणसं, वर किरण, आणि पंख्याने खालची हवा सतत वर जात राहते. इतकं सोपं आहे, आणि नीट लावलं तर तितकंच परिणामकारक.

दवाखान्यात पाय ठेवला तर खोली ओळखू येईना. मे महिन्यात नूतनीकरण झालं होतं. नऊ फुटांवर फॉल्स सीलिंग, तेही आरशासारख्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं. खिडक्या सील करून दोन स्प्लिट एसी. पंखे गेले. आणि माझी फिक्स्चर? कंत्राटदाराने काढून, एसीच्या पाइपाला जागा करून, दुसऱ्या भिंतीवर परत लावली होती. त्यातलं एक रिसेप्शनमागच्या फाइलींच्या रॅकला अगदी खेटून.

ताई चाळिशीच्या, लालबागला राहणाऱ्या. डोळे लाल, पण चिकटलेले नाहीत, पू नाही. मी विचारायच्या आधी त्याच सांगू लागल्या. "मॅडम, मला नाही वाटत हे डोळे आलेत. डोळे आले असते तर घरात पोरांना लागले असते की नाही? आणि दिवसा काही नसतं हो. रात्री अकरा-बारानंतर सुरू होतं, डोळ्यांत वाळू घातल्यासारखं. पाणी थांबत नाही, दिवा सहन होत नाही. पण रविवारी रात्री झोप लागते. सोमवारी कामावर आले की रात्री पुन्हा तेच."

रविवारी दवाखाना बंद असतो. महिनाभर ड्रॉप्स लिहून देणाऱ्यांपैकी कुणीही त्यांना रविवारचं विचारलं नव्हतं. यूव्ही-सीचा त्रास लागलीच होत नाही, मध्ये काही तास जातात. दुपारी भाजलेला डोळा रात्री घरी बोंब मारतो, म्हणून माणसाला कामाचा संशयच येत नाही.

"अजून कुणाला?" तर झाडूपोछा करणाऱ्या मावशींना एकदोनदा झालं होतं. कंपाउंडर काकांना नाही, पण त्यांच्या टकलावर लालसर चट्टा होता आणि सालपटं निघत होती. काका जाड भिंगांचा चष्मा लावतात. साध्या काचेतून २५४ नॅनोमीटरचा किरण पार होत नाही. डोळे वाचले, टाळू भाजली.

सगळ्यांना बाहेर काढलं, चेहऱ्यावर शील्ड, हातात मोजे चढवले आणि दिवे लावले. आम्ही पाळतो ती मर्यादा अशी: आठ तासांत डोळ्यांवर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूलपेक्षा जास्त पडता कामा नये. माणूस पूर्ण वेळ तिथेच बसणार असेल तर मीटरवर ०.२ मायक्रोवॅटच्या आत दिसायला हवं. ताईंच्या खुर्चीत, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ०.६ आलं. म्हणजे पावणेतीन तासांत दिवसभराची मर्यादा खलास. हे वरून परतून येत होतं. साधा पांढरा रंग यूव्ही-सी बराचसा शोषून घेतो. चकचकीत ॲल्युमिनियम मात्र तो परत फेकतं. रुग्ण तासभर बसून जात होते म्हणून त्यांना काही जाणवलं नाही.

तरीही माझं समाधान होईना. ०.६ने डोळे चुरचुरतील, रात्र-रात्र जाग येणार नाही. मी ताईंना म्हटलं, दिवसभर काय करता ते मला करून दाखवा. दिवे पुन्हा बंद केले. त्यांनी फोन उचलायची नक्कल केली, केसपेपर लिहिला, मग टेबलाखालून प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि त्यावर चढल्या. जुन्या रुग्णांच्या फाइली आणि एक्स-रेची पाकिटं नव्या रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात गेली होती. नाव नीट वाचता यावं म्हणून त्या मान वाकडी करून, एक-एक पाकीट अर्धवट बाहेर ओढून बघत होत्या. फिक्स्चर त्यांच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर.

त्या उतरल्या, मी शील्ड घालून त्याच स्टुलावर चढले आणि दिवा लावायला सांगितला. मीटर शंभराच्या वर गेला. शंभर मायक्रोवॅट म्हणजे ६० सेकंदांत दिवसभराची मर्यादा संपली. आणि ताई रोज कितीदा चढत होत्या ते त्यांनाही मोजता येईना.

डॉक्टर केबिनमधून आले. आकडे ऐकून म्हणाले, "बस. काढा सगळं. मला हवेपेक्षा माझी माणसं महत्त्वाची." त्यांचा राग मला पटत होता. पण मी दुसरा मीटर, कार्बन डायऑक्साइडचा, त्यांच्या हातात दिला. आकडा होता हवेच्या दहा लाख भागांमागे २,२००. बाहेर रस्त्यावर साधारण साडेचारशे असतो, वरचा सगळा माणसांच्या उच्छ्वासातला. म्हणजे त्या खोलीतल्या दर वीस-बावीस श्वासांमागे एक श्वास कुणाच्या तरी फुप्फुसातून आधीच येऊन गेलेला होता. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आहे तीच गार करून फिरवतो. खिडक्या सील आणि वर दिवेही काढले, तर ताई त्या खोलीत रोज सात तास कुणाची हवा घेणार?

डॉक्टरांना टीबी मी काय शिकवणार, पण गिनीपिगांची गोष्ट मी त्यांना सांगितलीच. रिचर्ड रायली या अमेरिकन डॉक्टरांनी १९५०च्या दशकात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात टीबी वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे नेली. नुसती हवा मिळालेल्यांना टीबी झाला. जी हवा वाटेत यूव्हीखालून गेली, तिच्यावर जगलेल्यांना झाला नाही. टीबी हवेतून पसरतो हे त्या प्रयोगाने सिद्ध झालं. २००९मध्ये पेरूच्या लिमा शहरातून आलेला अभ्यास तर आपल्यासारख्याच गर्दीच्या वॉर्डातला होता. दिवे बंद असताना ३५ टक्के गिनीपिगांना संसर्ग झाला, खोलीच्या वरच्या भागात यूव्ही चालू असताना साडेनऊ टक्के.

डॉक्टर बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ताईंना विचारा. बसणार त्या आहेत." ताई म्हणाल्या, "मला फक्त ते स्टूल नको."

कंत्राटदाराला बोलावलं. तो तावातावाने आला. "दिवे तर लागत होते ना मॅडम? निळा उजेड दिसतोय, अजून काय पाहिजे?" हीच समजूत मला जागोजागी भेटते. निळा उजेड म्हणजे यूव्ही-सी नाही. यूव्ही-सी दिसत नाही. ट्यूब साधारण ९,००० तासांनी थकते, तरी निळी दिसतच राहते. मी त्याला शील्ड दिलं, स्टुलावर उभं केलं आणि मीटर त्याच्या हातात दिला. आकडा वर चढताना बघून तो झटकन खाली उतरला. त्यानंतर त्याने वाद घातला नाही.

मग कामाला लागलो. रॅकच्या वरचे दोन कप्पे काढून टाकले. फाइली खाली आल्या. फिक्स्चर समोरच्या मोकळ्या भिंतीवर, लेव्हल लावून, पात्या अगदी आडव्या. चकचकीत पट्ट्यांवर साधा मॅट पांढरा रंग. एका खिडकीचं सील कापून तिथे एक्झॉस्ट फॅन आणि दुसरी वीतभर उघडी. डॉक्टरांना एसीची गार हवा बाहेर जाणार याचं वाईट वाटलं, पण ते कबूल झाले. भिंतीवर दोन पंखे संथ गतीवर, कारण खालची हवा वर गेलीच नाही तर किरण रिकाम्या हवेवरच पडत राहणार. पावसाळ्यातली दमट हवा यूव्हीचा जोर थोडा कमी करते, त्यामुळे एसी राहिला हे बरंच झालं. नव्या ट्यूबवर लावल्याची तारीख मार्करने लिहिली. साफसफाईच्या वेळी दिवे बंद राहावेत म्हणून स्विचला कुलूप लावलं आणि चावी मावशींकडे दिली.

इथे एक सांगायलाच हवं. यूव्ही धूळ काढत नाही, धूर काढत नाही, कार्बन डायऑक्साइड तर नाहीच नाही. हिवाळ्यात बांधकामांची धूळ शहरभर पसरते तेव्हा लोक मला 'यूव्ही प्युरिफायर' विचारतात. त्यांना चांगला फिल्टर हवा असतो. आणि बाजारात डबा मिळतो, ज्यात बोटभर ट्यूबसमोरून हवा क्षणार्धात निघून जाते, त्याने जंतूही धड मरत नाहीत. असा डबा वेटिंगमध्ये ठेवून 'हवा शुद्ध आहे' अशी पाटी लावलेली दिसली की मला राग आवरत नाही, कारण त्या पाटीवर विश्वास ठेवून कुणीतरी खिडकी बंद करतं.

रंग वाळल्यावर पुन्हा मोजलं. बसलेल्याच्या आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात ०.२च्या खाली. बाक भरलेले असतानाही कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आत आला. ताईंना डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. बुबुळावरचा वरचा थर एकदोन दिवसांत पुन्हा येतो, कायमचं काही नाही, असं सांगितलं. ताईंनी मला फोन करून सांगितलं, "काल मंगळवार असून झोपले."

कंत्राटदार शेवटचं बिल घ्यायला आला होता. जाता जाता दारात थांबला. "मॅडम, घाटकोपरला एका दवाखान्यात मी असंच केलंय. तिथे तर दिवा दाराच्या वरच आहे." मी त्याला तिथे फोन लावून दिवा बंद करायला सांगितलं, मीटर उचलला, आणि आम्ही दोघं परळ स्टेशनकडे चालायला लागलो.