माल किलोत येतो, नगात जातो

आमच्या मशिन शॉपचा टेम्पो चाकणच्या ग्राहकाच्या गेटवर तीन तास उभा होता. मालात खोट नव्हती. त्यांच्या पोर्टलवर आम्ही ४८० नग टाकले होते, ट्रॉल्यांत होते ४६०. पॅकिंगच्या वेळी वीस नगांवर ब्लो होल (ओतताना हवेने राहिलेली भोकं) दिसले, आमच्या सुपरवायझर काकांनी ते नग बाजूला काढले आणि ऑफिसात सांगायचं राहून गेलं. पूर्वी अशा वेळी ड्रायव्हर चलनावरचा आकडा पेनने खोडायचा, स्टोअरवाला शेजारी सही करायचा, विषय संपला. आता गेटवरचा मुलगा लेबलचा बारकोड स्कॅन करतो, नग जुळले नाहीत की टेम्पो बाजूला. त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या हातात काही उरलेलंच नाही.

आमची उलाढाल पाच कोटींच्या जरा वर, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, आम्हालाही लागू. त्यामुळे आकडा दुरुस्त करायचा म्हणजे आधी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) रद्द, मग ई-इनव्हॉइस रद्द, तेही चोवीस तासांच्या आत. तोच बिल नंबर पुन्हा चालत नाही. नवं बिल, नवी लेबलं, पोर्टलवर नव्याने नोंद, आणि ते कागद घेऊन पुतण्या मोशीच्या ट्रॅफिकमधून बाइकवर चाकणला.

भोसरीत आमचं मशिन शॉप आहे. कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला कच्चा नग, कोल्हापूरहून, शिरोलीच्या एका फाउंड्रीतून येतं. आम्ही टर्निंग, ड्रिलिंग करून चाकणला देतो. ग्राहकाने कळवलं, यापुढे शेड्यूल, म्हणजे कधी किती नग हवेत ते, ईमेलवर येणार नाही, पोर्टलवर बघा, आणि तुमच्याकडचा साठाही तिथेच रोज भरा. मला वाटलं, एक कॉम्प्युटर, एक चांगलं कनेक्शन, झालं काम. ते खरंच चार दिवसांत झालं. पुढचे सहा महिने गेले ते आमच्याकडे नक्की किती माल आहे हे शोधण्यात.

कास्टिंगचं बिल किलोवर असतं. आम्ही विकतो नगावर. आमच्या जॉबचं वजन १.८५ किलो धरलेलं, सॉफ्टवेअर आलेल्या किलोंना त्याने भागून नग दाखवायचं. कागदावर चोख. पण साच्यातली वाळू सैल ठासली गेली की कास्टिंग फुगतं. एका लॉटचं वजन नगामागे १.९१ भरलं. पाचशे नगांचे झाले ९५५ किलो, आणि सॉफ्टवेअरने दाखवले ५१६. हे सोळा नग रॅकवर कुठेच नव्हते, पण पोर्टलवर होते, आणि ग्राहकाने त्यांच्या भरवशावर शेड्यूल लावलं होतं.

फाउंड्रीच्या मालकांना म्हटलं, चलनावर किलोसोबत नगही लिहा, हीट नंबरही, म्हणजे भट्टीच्या कोणत्या घाण्यातला माल तेही, लिहा. ते म्हणाले, "नग कोण मोजत बसणार हो? काट्यावर टाकतोय, गाडी सोडतोय." बरोबरच होतं त्यांचं, मोजायला माणूस लागतो आणि दर तर किलोचाच. शेवटी असं ठरलं की आमचं पुढच्या पंधरा दिवसांचं शेड्यूल त्यांना एका शेअर केलेल्या शीटवर रोज दिसेल आणि त्या बदल्यात ते नग मोजून देतील. कोणता पॅटर्न (साच्याचा नमुना) कधी लावायचा हे आधी कळतंय म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. ही शीट फुकटातली आहे. सॉफ्टवेअरला मोजलेले पैसे आठवले की अजून पोटात दुखतं.

गुरुवारचा घोळ किरकोळ होता. भोसरीत गुरुवारी सुट्टी, पोर्टलला ते ठाऊक नाही. दर गुरुवारी आमच्या नावापुढे उशीर लागायचा. चार फोन करून तो माल बुधवारच्या खात्यात टाकून घेतला.

खरी अडचण होती काकांची डायरी. काका वडिलांच्या काळापासूनचे. साठा त्यांच्या खिशातल्या डायरीत. पोर्टलसाठी एका गुरुवारी शॉप बंद असताना सगळं मोजायला बसलो, तर कूलंटच्या पिंपांमागे गोणपाटाखाली तयार चाळीस नग निघाले. विचारलं तर म्हणाले, "अडीअडचणीला ठेवलेत. सगळं दाखवलं तर सगळंच मागतील."

मी ऐकलं नाही. चाळीसही भरले. पुढच्याच आठवड्याच्या शेड्यूलमध्ये ते गेले, आणि त्याच आठवड्यात एक मशिन दोन दिवस बंद पडलं. काकांनी तोंडाने काही म्हटलं नाही, नुसतं पिंपांकडे बघितलं.

आता पोर्टलवर 'किमान साठा' म्हणून चाळीस नग उघडपणे राखून ठेवतो. ग्राहकानेही ते मान्य केलंय. आकडे जुळतात, टेम्पो अडकत नाही. तरी परवा पिंपांमागे पुन्हा गोणपाट दिसलं. मी उचलून बघितलं नाही.