अक्कलदाढ काढताना हाडाची पावडर भरायची का?

अक्कलदाढ काढायला गेलं की हल्ली कधीकधी "बोन ग्राफ्ट पण करूया का" असं विचारतात, म्हणजे दाढेच्या खड्ड्यात हाडाची पावडर भरूया का, तेव्हा आपण तोंड उघडून खुर्चीत बसलेलो असतो आणि धड काही सुचत नाही, म्हणून हे आधीच वाचून ठेवा.

बहुतेकांना गरज नसते. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, काही आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत आत हाड आपलं आपण भरतं. बाकीचे दात काढल्यावर इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात स्क्रू बसवून लावायच्या कृत्रिम दातासाठी, हाड टिकवावं लागतं, पण अक्कलदाढेच्या जागी सहसा कोणी इम्प्लांट बसवतच नाही.

माझ्या वहिनीचं वेगळं होतं. खालची दाढ आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकलेली, मध्ये अन्न अडकून अडकून पुढच्या दाढेमागचं हाड झिजलेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून ती काळी पोकळी दाखवली. आई तर म्हणाली, "दाढ काढतत मगे हाड कित्याक घालतत?" अगदी रास्त प्रश्न. ग्राफ्ट घालतात तो शेजारची दाढ वाचवायला, तिशी ओलांडली की तिथलं हाड आपणहून भरायची खात्री कमी होते.

पावडर कसली तेही विचारा बरं का. काही गाईबैलांच्या हाडावर प्रक्रिया करून बनवतात, काही माणसाच्या दान केलेल्या हाडाची, काही पूर्ण कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची. आईला गाईचं चाललं नसतं, तसं सांगितल्यावर डॉक्टरांनी कृत्रिमच घेतली. जाड रव्यासारखे पांढरे दाणे, वहिनीच्याच रक्तात कालवून भरले, वर टाके. पीआरएफ म्हणून अजून एक प्रकार आहे, त्यात आपलंच रक्त मशीनमध्ये फिरवून त्यातला घट्ट भाग जखमेत ठेवतात.

आणि मिश्री! आपल्या कोकणात कितीतरी बायका लावतात आणि डॉक्टरांना सांगायला लाजतात. प्लीज सांगा. तंबाखूने जखम नीट भरत नाही, ग्राफ्ट वाया जाऊ शकतो, खड्डा कोरडा पडून ठणका लागतो तो वेगळाच. पहिले काही दिवस गार पेज, मऊ भात, स्ट्रॉ नको, पहिल्या दिवशी जोरात चूळ नको. एकदोन दाणे तोंडात आले तर घाबरू नका, पण तीन दिवसांनंतरही सूज वाढत असेल, पू किंवा ताप असेल तर पाऊस असो की काही, गाडी काढून तालुक्याला जा.